ह्या हातात मासळी मरत नाही

“दाखव गं हात.”

तात्यांनी असं म्हटलं की मी दोन्ही हात पुढे करायचे. तळवे वर, बोटं पसरलेली. मी दहा वर्षांची होते. छातीपर्यंत भिजलेली, फ्रॉकला शेवाळ चिकटलेलं. समोर तात्यांच्या पुतण्याच्या ऑफिसातले सहा-सात जण उभे होते, चांगले बूट चिखलातून वाचवत. पुतण्या येरवड्याकडच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होता. वाघोलीत तेव्हा आयटी हा शब्द नवा होता आणि तात्या तो दिवसातून दहा वेळा वापरायचे. रविवारची मंडळी तळलेली मासळी खायला आणि तात्यांची पाण्याने भरलेली खाण बघायला आली होती.

“बघा हा हात,” तात्या म्हणाले. “पोरगी एवढीशी हाय, पर ह्या हातात मासळी मरत नाय.”

पाहुण्यांतली एक बाई वाकली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा गळ्यात कंपनीचा पट्टा. तिने माझं बोट चिमटीत धरलं, “सो स्मॉल ना,” असं मागच्यांना म्हणाली. मग तिला वास आला. तिने बोट सोडलं, पर्समधून छोटी बाटली काढली आणि माझ्या दोन्ही तळव्यांवर फुस्स फुस्स अत्तर मारलं.

“घे. आता छान वाटेल.”

सगळे हसले. मीही हसले. मला खरंच छान वाटलं होतं. इतक्या मोठ्या माणसांनी माझा हात बघितला, त्याला सुगंध लावला, माझ्यासारखी मीच. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

मग तात्यांनी मोजून दाखव म्हणून सांगितलं. मी माशांची वाटीभर पिल्लं घेतली, हात आत घातला आणि मोजायला लागले. तीस-चाळीस झाली असतील. वाटीतली पिल्लं आधी तिरकी झाली, मग एकेक करून पोट वर करून तरंगली. पांढरी, माझ्या करंगळीएवढी. मला काही कळेना. तात्यांना कळलं असणार, वाटीला अत्तराचा वास येत होता. पण पाहुणीला कोण बोलणार? त्यांनी मला कानाखाली दिली. मी चिखलात बसलेच.

“अहो जाऊ द्या, लहान आहे,” ती बाई म्हणाली. बाटली तिने पर्समध्ये ठेवली होती.

“चुकलं तात्या,” मी म्हणाले. “परत नाही करणार.”

काय परत नाही करणार, ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं माझा हात बिघडला. तीन दिवस मी तो चुलीतल्या राखेने घासत होते.

आता आम्ही कोण ते सांगते. आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्या गावात मोठा तलाव होता आणि आमची माणसं पिढ्यानपिढ्या त्याच्यावर जगत होती. तलाव ठेकेदाराकडे गेला. मग पुण्याला पाणी आहे, कामही आहे, असं कोणीतरी बाला सांगितलं. बा म्हणजे माझे वडील. आम्ही वडिलांना बा म्हणतो आणि आईला माय. वाघोलीत दगडाच्या खाणी होत्या. दगड संपला की खड्ड्यात पाणी साचायचं, आणि तशी एक जुनी खाण तात्यांच्या जमिनीत होती. अर्धी जमीन त्यांनी बिल्डरला विकली होती, उरलेल्या खाणीत रोहू-कटला सोडले होते. बा जाळं टाकायचा, राखण करायचा. काठावर पत्र्याची खोली, तिच्यात आम्ही चौघं. बा, माय, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान सोनी.

तात्या नुसती मासळी विकत नव्हते. ते माशांचं बीज आणून वाढवायचे आणि पिल्लं बोटाएवढी झाली की दुसऱ्या तळेवाल्यांना द्यायचे. त्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. ती हाप्यात ठेवायची. हापा म्हणजे मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीचा चौकोन, उथळ पाण्यात चार बांबूंना बांधलेला. गिऱ्हाईक आलं की मोजणी. आधी एक वाटी भरायची, तिच्यातली पिल्लं एकेक करून बोटांनी मोजायची, आणि त्या हिशेबाने पुढे नुसत्या वाट्या ओतायच्या. त्या पहिल्या वाटीवर सगळा सौदा. मोठ्या माणसाच्या राठ बोटांनी पिल्लाचं खवलं दुखतं आणि ते दोन दिवसांत मरतं, असं सगळे म्हणायचे. म्हणून लहान हात. म्हणून मी.

आणि मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. बाच्या गावाकडे तसंच, तात्यांकडेही तसंच. एक म्हटलं तर सौद्याला बरकत नाही. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून मी असंच मोजत आले होते.

नऊ वर्षांची असताना मायने हट्टाने मला शाळेत घातलं. चौथा की पाचवा दिवस असेल. बाईंनी टेबलावर चिंचोके ठेवले आणि मला मोजायला बोलावलं. मी खुश. मोजणी म्हणजे आपलंच काम! मी ताठ उभी राहून सुरू केलं, “लाभ, दोन, तीन…”

वर्गात हशा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर केला.

“आपण मंडईतून थेट इकडेच आलात वाटतं? गाळा तिकडे ठेवून या. इथे शाळा भरते.”

मग वर्ग आणखी हसला. बाईंनी मला पुन्हा मोजायला लावलं. मी पुन्हा लाभ म्हटलं, कारण मला दुसरं येतच नव्हतं. त्या दिवसापासून माझं नाव लाभ पडलं. मी रस्त्याने निघाले की पोरं मागून ओरडायची. मी घरी आले आणि बाला सांगितलं, त्या बाईले मोजता येत नाही, मी नाही जाणार तिच्याकडे. बा हसला, मला जवळ घेतलं. त्यालाही ते पटलं होतं. पुढच्या सोमवारी मी हाप्यात उभी होते, आणि अगदी आनंदात उभी होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हेच तर सांगायला जड जातं. मारून मुटकून कामाला लावलं असतं तर आज माझ्याकडे बोट दाखवायला दुसरं कोणी असतं.

सोनीचं वेगळं होतं. ती सहा वर्षांची झाली आणि शाळेत गेली ती रमलीच. घरी येऊन दगड मांडायची आणि मोजायची, एक, दोन, तीन. मी टोकलं की म्हणायची, “ताई, पहिलं एक असते. बाईनं सांगतलं.” मी तिला येडी म्हणायचे. आतून मात्र जळायचे. तिला हसलं नव्हतं कोणी.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा एक दिवस तात्यांनी माझा तळवा त्यांच्या तळव्याला लावून बघितला.

“वाढली की गं तू. आता धाकटीला घे हाताखाली.”

मी रडले. घरी जाऊन मायच्या मांडीत डोकं खुपसून रडले. सोनीसाठी नव्हे, बरं का. माझी जागा गेली म्हणून. ज्या हाताचं दहा गावच्या तळेवाल्यांना कौतुक, तो हात आता कोणाच्या कामाचा नाही म्हणून. सोनी दारात उभी राहून बघत होती. मग मी डोळे पुसले आणि तिला शिकवायला घेतलं. तिचं दप्तर खिळ्याला लागलं. तिला मी पहिली गोष्ट शिकवली ती लाभ म्हणायची. दोन दिवस ती विसरून एक म्हणायची. मग नाही विसरली.

त्याच वर्षी एका संस्थेच्या मॅडम आणि एक सरकारी साहेब खाणीवर यायचे होते. पाण्यावर लहान मुलं कामाला लावतात, अशी कोणीतरी तक्रार केली होती. तात्यांना आदल्या दिवशीच कळलं. कसं कळलं ते विचारू नका. त्यांनी मला बोलावून पाठ करून घेतलं. इथे काय करता? खेळतोय. कपडे कसे भिजले? पाण्यात पडलो. शाळेत जाता का? सुट्टी आहे. मी झटक्यात पाठ केलं. डोकं चांगलं होतं माझं, कुठे वापरलं तेवढं बघा.

साहेब तात्यांबरोबर खुर्चीवर बसले, चहा प्यायले. मॅडम तशाच चिखलात उकिडव्या बसल्या, आमच्या तोंडासमोर तोंड आणून. सुती साडी, केसात पांढरं दिसायला लागलेलं. मला विचारलं, बाळा, तुम्ही इथे काय करता?

“आम्ही खेळतोय,” मी म्हणाले.

त्या सोनीकडे वळल्या. “आणि तू? तुला शाळेत जायचंय का?”

सोनीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने सरळ मॅडमकडे बघितलं. तोंड उघडलं. “मले…” एवढंच आलं. माझा हात तिच्या पाठीमागे होता. मी तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला, मऊ असतं तिथे, चिमटा काढला. नख रुतेपर्यंत. ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं, पण बाहेर नाही आलं.

“आम्ही खेळतोय,” ती म्हणाली.

तो हलका हात. पिल्लाचं खवलंही न दुखवणारा.

मॅडमनी पिशवीतून कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं. उठताना त्यांनी पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. मला वाचता येत नव्हतं. सोनीने वाचली, घडी घातली आणि खिळ्यावरच्या दप्तरात ठेवली. संध्याकाळी तात्यांनी मला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा दिला. शाबास म्हणाले. मी तो मजेत खाल्ला, अर्धा सोनीला दिला. तिने घेतला.

मला ज्या पाण्यात छातीपर्यंत यायचं, त्यात सोनी गळ्यापर्यंत बुडायची. वाटी उचलायला वाकली की कान पाण्यात. पाणी साधं नव्हतं. मासळीला खाद्य तयार व्हावं म्हणून त्यात कोंबडीखत टाकायचे. पावसाळ्यानंतर तिच्या डाव्या कानातून पू यायला लागला. माय लसूण घालून तेल कोमट करायची आणि सोडायची. थोडे दिवस थांबायचं, पुन्हा यायचं. सोनी तक्रार करत नव्हती. आम्हीही विचारत नव्हतो.

आता तो दिवस. लांबून एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं, बरोबर टेम्पो. तात्या काठावर खुर्ची टाकून बसले होते, बा जाळं आवरत होता. सोनी हाप्यात, मी तिच्या मागे, मोजणीवर लक्ष ठेवायला. ती मध्येच एक आकडा चुकली. मी हाक मारली. तिने मागे बघितलं नाही. पुन्हा हाक मारली. ती आपली मोजतेच आहे. गिऱ्हाईक बघतंय, तात्या बघतायत, आणि ही पोरगी मला जुमानत नाही! माझं डोकं फिरलं. मी पुढे होऊन तिच्या कानाखाली दिली. डाव्या बाजूला.

ती वळली. रडली नाही. ओले हात जोडले.

“चुकलं ताई. परत नाही करणार.”

माझेच शब्द. तेच, तसेच. माझा हात अजून वरच होता.

मी विचारलं, हाका मारत होते, ऐकू नाही आलं का? तिने डाव्या कानावर बोट ठेवलं. “ह्या कानानं आयकू नाही येत मले.”

कधीपासून, विचारलं. म्हणाली, लय दिवस झाले. मग सांगितलं का नाहीस?

“तुहा हात मोठा झाला तवा तू किती रडली होतीस. मले वाटलं सांगतलं तर माझंबी काम जाईन. मंग मीबी रडन.”

आठ वर्षांची होती. हे काम जाणं म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं दुःख, हे तिला कोणी शिकवलं? तात्यांनी नाही शिकवलं. मी शिकवलं, मायच्या मांडीत डोकं खुपसून. त्या क्षणी मला तात्यांचा राग आला नाही, नंतर आला, भरपूर आला. त्या क्षणी मला फक्त माझी शिसारी आली.

मी तिच्या पुढ्यातली वाटी घेतली आणि हाप्याच्या बाहेर, उघड्या पाण्यात ओतली. मोजलेली पिल्लं सगळी गेली. सोनीला काखेत धरून काठावर काढलं.

“मोजणी अर्धी हाय,” तात्या म्हणाले. “कुठं निघाली?”

“नाही मोजणार. तीही नाही.”

तात्या उठले. टेम्पोजवळची काठी त्यांनी उचलली. “हात पुढं कर.”

मी बाच्याकडे बघितलं. तो जाळ्याची गाठ सोडवत होता. एकच गाठ, सोडवतच होता. मग मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत अडकवून घट्ट धरले. काठी दंडावर बसली, पाठीवर बसली. हात मी पुढे केले नाहीत. त्यानंतर आजपर्यंत कोणी दाखव म्हटलं म्हणून मी कोणाला हात दाखवलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तरातली चिठ्ठी काढली. सोनी पाट्या वाचत होती आणि मी तिचा उजवा कान माझ्या बाजूला राहील अशी तिला धरून चालत होते. दोन बस बदलून विश्रांतवाडीला पोचलो. एक खोली, दोन टेबलं. मॅडमनी मला लगेच ओळखलं.

“आम्ही खेळत नव्हतो,” मी म्हणाले. “मी खोटं बोलले. आणि हिने बोलू नये म्हणून मी हिला चिमटा काढला.”

त्यांनी पोटाशी वगैरे धरलं नाही. बरं केलं. कागद घेतला आणि म्हणाल्या, पहिल्यापासून सांग, सावकाश. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. खाली मी अंगठा उठवला. सोनीने सही केली. दोन अक्षरं, ओळीच्या बाहेर गेलेली, पण सही.

पुढे काय झालं? तात्यांना नोटीस आली, एक-दोन चकरा झाल्या असतील. आमची खोली दोन दिवसांत रिकामी करून घेतली. आम्ही येरवड्यात एका चाळीच्या मागे राहायला गेलो. बा बांधकामावर विटा उचलायला लागला. जाळं त्याने आणलं होतं, ते माळ्यावरच राहिलं. माय कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही, ताट पुढे सरकवायची आणि उठून जायची. बा एकदाच बोलला, माझ्याकडे पाठ करून बसलेला असताना. “तुले पाणी नोको होतं तं मले सांगाचं. तूच तं नाचत जायची.” खरंच होतं ते.

सोनी शिकली. बारावी झाली. शहरात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि इंग्रजी जमलं की नोकरी, अशी हवा होती. ती कॉल सेंटरला मुलाखतीला गेली. बोलली चांगलं. मग त्यांनी कानाला हेडफोन लावून चाचणी घेतली, आधी उजवा, मग डावा. कळवतो म्हणाले. आज ती एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. माझ्याशी नीट वागते, सणाला येते. चिमट्याबद्दल अवाक्षर काढत नाही. कोणी डावीकडून बोललं की सगळं डोकं वळवून बघते, आणि तेवढ्या वेळात मी दुसरीकडे बघते.

ती खाण बुजवली. तिथे सोसायटी झाली, तात्यांचे त्यात फ्लॅट आहेत.

मी मोठेपणी रात्रशाळेत शिकले आणि त्याच संस्थेत कामाला लागले. आम्ही पुण्याच्या आसपासच्या तळ्यांवर, खाणींवर जातो. पहिल्याच वर्षी एका तळ्यावर एक म्हातारा बोटुकली मोजताना दिसला. राठ हात, काळी नखं. त्याच्या हातात चहाची गाळणी होती. गाळणीने एकेक पिल्लू उचलायचा, पलीकडे सोडायचा. एकही मरत नव्हतं. मी त्याला विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, असंच करतो की आम्ही, पहिल्यापासून. मी तळ्याच्या बांधावर बसून ती गाळणी बघत राहिले. एक गाळणी. प्रत्येकाच्या घरात असते. तात्यांच्याही घरात होती, मी त्या घरात चहा गाळला आहे.

लोक मला विचारतात, मुलांना बाहेर काढलंत तर त्यांची घरं कशी चालणार? मी म्हणते, मोठ्यांना गाळणी द्या आणि मोठ्यांची मजुरी द्या. मला भांडखोर म्हणतात. असू दे.

अजूनही आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. अजूनही काठावर दोन मुलं उभी असतात, भिजलेली. एक मोठं, एक लहान. मोठी पोरगी पाठ केलेलं सांगते, “आम्ही खेळतोय, मॅडम.” मी तिला खोटारडी म्हणत नाही. ओरडत नाही. चिखलात उकिडवी बसते, तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेते आणि घट्ट धरून ठेवते, चिमटा काढता येऊ नये म्हणून. मग धाकटीला विचारते. ती बोलेपर्यंत मी ते हात सोडत नाही.